सोबेकनेफेरू खरी किती, आणि सहलीत दिसणार कुठे?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही सहकुटुंब नऊ दिवसांसाठी इजिप्तला निघाला आहात. आठवीतल्या मुलीनं एक रील पाहिली. तिच्यात म्हटलंय की इजिप्तची पहिली स्त्री फारो हत्शेपसुत नव्हे, तिच्या तीनशे वर्षं आधीची सोबेकनेफेरू. तिनं भावाला मारून गादी घेतली आणि पुढच्या राजांनी तिचं नाव इतिहासातून पुसून टाकलं. टूरवाल्यांना विचारलं तर त्यांनी हे नावच ऐकलेलं नाही. तेव्हा यातलं खरं किती, आणि तिचं काही पाहायला मिळेल का, असं तुम्ही विचारता.

मी बरीच वर्षं इजिप्तच्या अभ्यास-सहली नेते आहे आणि निघण्याआधी गटाला व्याख्यानं देते. सोबेकनेफेरूबद्दल हल्ली मला विचारतात ती शाळकरी मुलंच. मोठी माणसं तुतनखामेनच्या पुढे सरकत नाहीत. म्हणून तुमच्या मुलीचं आधी कौतुक.

ती होऊन गेली, राजपदावर बसली आणि तीनशे वर्षांचा हिशेबही साधारण बरोबर आहे. भावाच्या खुनाला पुरावा नाही. नाव पुसून टाकल्याची गोष्टही खरी नाही, मात्र ती कुठून निघाली हे समजून घेण्यासारखं आहे. आणि पाहायला काय मिळेल, हे तुमच्या आराखड्यावर ठरेल. कैरो, आस्वान, क्रूझ, लक्झर या ठरीव मार्गावर ती जवळजवळ भेटत नाही.

आता जरा सविस्तर.

सोबेकनेफेरू ही बाराव्या राजवंशाची शेवटची राज्यकर्ती, इ.स.पू. १८०० च्या आसपासची. तिचा बाप तिसरा अमेनेमहत. त्यानं सुमारे ४५ वर्षं राज्य केलं आणि त्याच्या काळात फयूमचा प्रदेश भरभराटीला आला. फयूम म्हणजे कैरोच्या नैर्ऋत्येला, वाळवंटातला एक मोठा खोलगट भाग. नाइलचा एक फाटा तिथे वळतो, त्या पाण्यावर शेती होते. तिथलं दैवत सोबेक, म्हणजे मगर. लेकीचं नाव या देवावरून. नावात सोबेक असलेली गादीवरची ती पहिली व्यक्ती. तिच्यानंतरच्या तेराव्या राजवंशात मात्र सोबेकहोतेप नावाचे राजे एकामागून एक येतात.

बापानंतर गादीवर आला चौथा अमेनेमहत, आणि त्याच्यानंतर ही. इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयात राजांच्या नावांचा एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद आहे, फाटका पण मोलाचा. त्यात तिची कारकीर्द ३ वर्षं, १० महिने, २४ दिवस अशी नोंदवली आहे. हा आकडा एकटाच उभा नाही. नुबियातल्या कुम्मा किल्ल्याच्या खडकावर तिच्या तिसऱ्या वर्षातली नाइलच्या पुराची पातळी कोरलेली होती, १.८३ मीटर. म्हणजे दक्षिण सरहद्दीवरचा कारकून पुराची नोंद करताना वर्ष हिच्या नावानं मोजत होता. माझ्या दृष्टीनं हा सगळ्यांत भरवशाचा पुरावा. देवळाच्या भिंतीवर राजा स्वतःबद्दल काहीही लिहून घेतो, पण रोजच्या सरकारी नोंदीत खोटं राजेपण चालत नाही. (तो खडक शोधायला जाऊ नका. तो भाग आज आस्वानच्या उंच धरणाच्या जलाशयाखाली आहे.)

आता ती राणी होती की राजा? इजिप्तमध्ये राजाची बायको, राजाची आई, राजाची मुलगी ही वेगवेगळी बिरुदं आणि राजाची बिरुदं वेगळी. गादीवर बसणाऱ्याला पाच नावं मिळत, प्रत्येक ठरलेल्या चिन्हासह. सोबेकनेफेरूची पाचही नावं आपल्याला ठाऊक आहेत. ब्रिटिश म्युझियममध्ये तिची एक दंडगोल मुद्रा आहे, जेमतेम साडेचार सेंटिमीटर लांब, झिलई दिलेल्या मऊ दगडाची. तिच्यावर तिची राजनावं ओळीनं कोरली आहेत. म्हणजे इथे 'राज्य सांभाळणारी विधवा' किंवा 'लहान राजाची पालक' असा प्रकारच नाही. ती स्वतःच्या नावानं, स्वतःच्या हक्कानं बसली होती.

माझं सगळ्यांत आवडतं म्हणजे लूव्रमधलं तिचं धड. क्वार्टझाइट या लालसर, कठीण दगडाचं, फक्त ४८ सेंटिमीटर उंच. डोकं नाही, हात नाहीत, पाय नाहीत. तरी समोर दहा मिनिटं थांबावं असं. खांद्यांवरून पुढे दोन पट्टे उतरतात, बारीक चुण्यांचे. ती राजाच्या शिरोवस्त्राची, नेमेसची टोकं. डोकं गेलं तरी ती छातीवर राहिली. त्यांच्या खाली रुंद बंदांचा अंगासरशी बाईचा पोशाख आणि स्त्रीचं वक्षस्थळ, काहीही न लपवता. आणि त्या पोशाखावरून कमरेला गुंडाळलेलं आहे पुरुष राजे नेसत ते आखूड चुणीदार वस्त्र, पट्ट्यावर नावासकट. शिल्पकारानं बाईचा पुरुष केला नाही, बाईच्या अंगावर राजेपण चढवलं.

हे आज आपल्याला मोठं वाटतं, पण त्या कारागिराची अडचण लक्षात घ्या. गादीवरच्या बाईची मूर्ती घडवायला त्याच्यापुढे नमुनाच नव्हता. राजाची मूर्ती कशी असते हे हजार वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं. मग त्यानं दोन्ही गोष्टी एकावर एक नेसवल्या. तीनशे वर्षांनी हत्शेपसुतच्या शिल्पकारांपुढे हाच पेच आला. सुरुवातीच्या मूर्तींत त्यांनीही असंच मिश्रण केलं आणि पुढे सरळ दाढीसह पुरुषाचा देह दाखवायला लागले. मला विचाराल तर सोबेकनेफेरूचं उत्तर जास्त धीट आहे. अभ्यासकांत यावर मतं वेगवेगळी आहेत, हे माझं.

तिच्या चेहऱ्याची कथा जरा वाईट आहे. बर्लिनच्या संग्रहालयात एका राजस्त्रीचं डोकं होतं, ते दुसऱ्या महायुद्धात हरवलं. मागे राहिले फोटो आणि प्लास्टरची प्रतिकृती. नुबियातल्या सेमना किल्ल्यात एका बसलेल्या पुतळ्याचा खालचा भाग मिळाला होता, तो आता बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. अलीकडे अभ्यासकांनी दाखवून दिलं की हे दोन तुकडे एकाच पुतळ्याचे, आणि तो पुतळा बहुधा सोबेकनेफेरूचा. त्यांचा एक मुद्दा आसनाच्या बाजूचा आहे: तिथे दोन वनस्पतींची गाठ मारलेलं, वरचा आणि खालचा इजिप्त एक झाल्याचं चिन्ह कोरलंय, आणि ते गादीवरच्या राजाच्या आसनावर शोभणारं. मुलीला इंटरनेटवर तिचा म्हणून जो चेहरा दिसेल, तो बहुतेक वेळा ही बर्लिनची प्रतिकृती असते किंवा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातली काळसर दगडाची छोटी मूर्ती. न्यूयॉर्कची ती मूर्ती हिची असल्याचा फक्त तर्क आहे. तिच्यावर नाव नाही. त्यामुळे चेहरा दाखवून कुणी खात्रीनं बोलायला लागलं तर जरा सावध राहावं.

आता 'पुसून टाकलं' याबद्दल. ही समजूत बहुधा अबायडोसहून आली. तिथल्या पहिल्या सेती या राजाच्या देवळात भिंतीवर ७६ राजनावांची यादी आहे. तीत सोबेकनेफेरू नाही. एवढंच पाहिलं तर 'बाई म्हणून वगळली' असं वाटणं साहजिक आहे. पण यादी जरा पुढे वाचा. ६५ वं नाव चौथ्या अमेनेमहतचं आणि त्याला लागून ६६ वं नाव अठराव्या राजवंशाच्या अहमोसचं. मधली अडीचशेच्या आसपास वर्षं, त्यातले डझनावारी पुरुष राजे, सगळे एका उडीत गायब. सेतीला मधला पडझडीचा काळ नको होता, आणि ती नेमकी त्या काळाच्या उंबरठ्यावर होती. त्याच यादीत हत्शेपसुत, अखेनातेन, तुतनखामेन हेही नाहीत, त्यांची कारणं वेगळी. वगळलेला प्रत्येक जण एकाच कारणानं वगळला असं धरून चालता येत नाही.

उलट तिचं नाव जिथे आहे ती ठिकाणं पाहा. सक्कारामध्ये मिळालेल्या, रामसेस दुसऱ्याच्या काळातल्या राजयादीत ती आहे. तुरीनच्या पपायरसात आहे. आणि कर्नाकच्या यादीत आहे. ही कर्नाकची यादी कुणी कोरून घेतली? तिसऱ्या थुतमोसनं. ज्याच्या कारकिर्दीत हत्शेपसुतची नावं नि चित्रं छिन्नीनं खरवडली गेली तोच हा. त्यालाही सोबेकनेफेरूला पूर्वज म्हणायला काही अडचण वाटली नाही! मग तेराव्या राजवंशाच्या काळातला एक शिलालेख आज फ्रान्समधल्या मार्से इथे आहे. त्यात हेबी नावाच्या माणसाचा हुद्दा सोबेकनेफेरूच्या कोठाराचा कारभारी असा दिलाय. म्हणजे तिच्या पश्चातही तिच्या नावानं धान्य येत होतं, त्याचा हिशेब ठेवणारा माणूस होता. पुसून टाकलेल्या राजाचं असं होत नाही.

मग ती एवढी अनोळखी का? कारणं साधी आहेत. चार वर्षांपेक्षा कमी कारकीर्द, तीही राजवंशाच्या शेवटी. बांधकामाचा मुख्य पसारा फयूमकडे, आणि फयूमचे दगड पुढच्या लोकांनी मनसोक्त पळवले. कबर अजून खात्रीनं सापडलेली नाही. दहशूरच्या दक्षिणेला मझघुना इथे दोन पडके पिरॅमिड आहेत, त्यातला एक तिचा असावा असं पूर्वी सर्रास लिहीत. पण दोन्हींत नावाचा एक तुकडाही मिळालेला नाही. हरागेह इथे मिळालेल्या एका पपायरसात तिच्या नावाचं एक ठिकाण येतं, ते तिच्या पिरॅमिडचं नाव असू शकेल. ममी नाही, सोनं नाही, सुंदर अखंड पुतळा नाही. टीव्हीवाल्यांना आणखी काय हवं असतं?

खुनाचं थोडक्यात. चौथ्या अमेनेमहतशी तिचं नातं भाऊ-बहिणीचं होतं असं मॅनेथो सांगतो. हा इजिप्शियन पुरोहित तिच्यानंतर सुमारे पंधराशे वर्षांनी ग्रीकमध्ये लिहीत होता. तिच्या स्वतःच्या लेखांत 'राजकन्या' हे बिरुद येतं, 'राजभगिनी' येत नाही आणि 'राजपत्नी'ही नाही. त्यामुळे 'भावाशी लग्न केलं, मग मारला' या कथेतला पहिला भागसुद्धा टिकत नाही, दुसऱ्याची गोष्टच सोडा. एवढं मात्र खरं की ती स्वतःचं नातं सतत बापाशी जोडते, चौथ्या अमेनेमहतशी नाही. फयूमकडच्या हवारा इथल्या दगडांवर बापाची आणि लेकीची नावं मिळतात, मधल्या राजाचं नाही. याला भांडण म्हणायचं की हक्क सांगायची रीत? मी रीत म्हणेन. ज्याला गादीवर बसायचं आहे तो ४५ वर्षं राज्य केलेल्या राजाचं नाव सांगेल, नऊ-साडेनऊ वर्षांच्या राजाचं कशाला सांगेल?

जाता जाता, तिसऱ्या अमेनेमहतची आणखी एक मुलगी होती, नेफेरुप्ताह. राजांच्या नावाभोवती असते ती लंबगोल चौकट, कार्तूश, तिच्या नावालाही मिळाली होती. हवाराजवळची तिची कबर १९५६ मध्ये उघडली तेव्हा लुटारूंचा हात न लागलेली निघाली. काहींना वाटतं की बापाच्या मनात गादीसाठी आधी हीच होती. असेल. पण लेकींना पुढे आणायची या घराची तयारी होती, एवढं तरी यातून दिसतं, आणि मग सोबेकनेफेरूचं गादीवर येणं आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही.

'पहिली' हा शब्द मात्र मुलीनं जपून वापरावा. तिच्या आधी हजारेक वर्षं, पहिल्या राजवंशात मेर्नेथ नावाची स्त्री होती. अबायडोसला राजांच्या रांगेत तिची कबर आहे, भोवती सेवकांच्या कबरी आहेत, सगळा थाट राजाचा. पण तिचा मुलगा देन याच्या कबरीतून मिळालेल्या मुद्रेवर इतरांची नावं राजा म्हणून येतात आणि हिचं 'राजाची आई' म्हणून. म्हणजे तिनं बहुधा लहान मुलाच्या वतीनं राज्य चालवलं. आपल्याकडे वाकाटकांची प्रभावतीगुप्ता अशीच. कारभार तिच्या हातात, पण पुण्यात मिळालेल्या ताम्रपटात ती स्वतःला युवराज दिवाकरसेनाची आई म्हणवते. दुसरी निटोक्रिस. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं तिची कहाणी मोठी रंगवून सांगितली आहे, भावाच्या मारेकऱ्यांना मेजवानीला बोलावून नाइलच्या पाण्यात बुडवण्याची. पण तुरीनच्या पपायरसातलं जे नाव तिचं समजत होते ते एका पुरुष राजाचं असल्याचं तुकड्यांच्या नव्या जुळणीनंतर दिसून आलं. म्हणून मुलीनं शाळेच्या प्रकल्पात असं लिहायला हरकत नाही: राजाची पूर्ण बिरुदं घेतल्याचा पक्का पुरावा असलेली पहिली स्त्री, सोबेकनेफेरू. वाक्य थोडं लांबतं, पण बाईंनी विचारलं तर उत्तर देता येतं.

आता सहलीचं. नऊ दिवसांत किती बसवता येईल हे तुमच्या बरोबरच्या मंडळींवर आहे. आजी-आजोबा असतील, किंवा गटाची बस असेल, तर फार ओढाताण करू नका. स्वतंत्र गाडी असेल तर दोन ठिकाणं सुचवते.

पहिलं हवारा. कैरोहून फयूमकडे साधारण दोन तासांचा रस्ता. गाडी आणि माणूस कैरोतूनच ठरवा, आणि त्या भागात कधीकधी पोलिसांची गाडी सोबत देतात, तेव्हा वेळेत थोडी ढिलाई ठेवा. तिथे तिसऱ्या अमेनेमहतचा मातीच्या विटांचा पिरॅमिड आहे, दगडी आवरण गेल्यामुळे टेकाडासारखा दिसणारा. आत जाता येत नाही, भूजल भरलेलं आहे. पेट्री या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञानं १८८८-८९ मध्ये इथे खणलं तेव्हा एकाच क्वार्टझाइटच्या दगडातून कोरलेली, शंभर टनांच्या पुढची दफनखोली त्याला पाण्यातच सापडली. पिरॅमिडच्या दक्षिणेला जे सपाट, दगडांच्या कपच्यांनी भरलेलं मैदान दिसतं तेच हिरोडोटसचं 'लॅबिरिंथ', म्हणजे भुलभुलैया. तीन हजार खोल्यांचं आणि पिरॅमिडांनाही मागे टाकणारं, असं त्यानं लिहिलंय. सोबेकनेफेरूची नावं कोरलेले खांबांचे तुकडे याच जागेतले. बापाचं हे काम तिनं पुरं करून घेतलं असावं. आज तिथे उन्हात उभं राहून दाखवण्यासारखं फार थोडं आहे, हे आधीच सांगून ठेवते. काही जण तिथून वैतागून येतात. ज्यांनी आधी वाचलेलं असतं ते कपच्यांकडे बघत रेंगाळतात.

दुसरं अबायडोस. लक्झरहून गाडीनं जायला सुमारे तीन तास, म्हणजे पूर्ण दिवस गेला. पण माझ्या मते हवारापेक्षा आधी हे करा. सेतीचं देऊळ इजिप्तमधल्या सर्वांत सुंदर देवळांपैकी एक आहे, रंग अजून टिकलेत, त्यामुळे घरातल्या कुणालाच दिवस फुकट गेल्यासारखा वाटणार नाही. आणि राजयादीसमोर मुलीला मधल्या ओळीत ६५ आणि ६६ ही नावं शोधू द्या. ६६ व्या कार्तूशमध्ये वर सूर्याची गोल तबकडी आणि खाली पसरट टोपलीचं चिन्ह दिसेल, तो अहमोस. त्याच्या आणि आधीच्या नावाच्या मध्ये आपली बाई असायला हवी होती. वाटाड्या तुम्हाला हे दाखवणार नाही. तुम्हीच दाखवा, बहुतेक तोही ऐकत थांबतो.

क्रूझवर कोम ओम्बो लागेलच. तिथे सोबेकचं देऊळ आणि मगरींच्या ममींचं छोटं संग्रहालय आहे. पाहा जरूर, पण ते टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातलं, सोबेकनेफेरूनंतर दीड हजारांहून अधिक वर्षांनी बांधलेलं. देव तोच, एवढाच संबंध. सक्काराची राजयादी कैरोच्या संग्रहालयाची आहे. नवं मोठं संग्रहालय उघडल्यापासून बऱ्याच वस्तूंच्या जागा हलल्या आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी ती सध्या कुठे मांडली आहे हे विचारून घ्या. 'सक्कारा किंग लिस्ट' म्हटलं की कळतं.

आणि एक. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील आणि युरोपमार्गे यायचा विचार असेल, तर पॅरिसला एक दिवस थांबता आलं तर बघा. ते धडही लूव्रमध्ये आहे आणि तिसऱ्या थुतमोसची कर्नाकची यादीही तिथेच. १८४३ मध्ये एका फ्रेंच गृहस्थानं रातोरात दगड उचकटून ती इजिप्तबाहेर नेली. दोन्ही एका दिवसात होतात. मंगळवारी लूव्र बंद असतं, तेवढं बघून तारीख ठरवा.